सफेद्याखालची कातडी

तेलकट तोंडाला काय लावू, असं विचारत जी बाई माझ्या पार्लरात शिरते, तिला मी आधी एकच प्रश्न विचारते. "आता काय लावतंस?" ह्याचं खरं उत्तर पहिल्या झटक्यात मिळालं, तर त्या दिवशी देवापुढे साखर ठेवावी. "काय्येक नाय गो काकी, साधा पाणी." साधं पाणी म्हणे! मग मी कापसाचा बोळा घेते, तिच्या नाकाच्या कडेने आणि कानाच्या पुढून फिरवते आणि सरळ हुंगते. खोबरेल लपत नाही. लिंबू लपत नाही. मुरमावर रात्रभर टूथपेस्ट थापून आलेली तर दारातूनच कळते. लपते ती एकच गोष्ट, कोणीतरी मुंबईहून आणून दिलेली ट्यूब. तिला वास म्हणून नसतो.

दिवाळी अंकवाल्या मुलीने फोनवर माझ्याकडे 'टिप्स' मागितल्या होत्या. बये, टिप्स हव्यात तर मोबाइलवर पोत्यांनी पडल्यात. मी वेंगुर्ल्याच्या बाजारात लोकांच्या तोंडावरून हात फिरवत म्हातारी झाले. आता खुर्चीपाशी सून उभी राहते, मी दाराजवळच्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर करवादते. सगळे नलूकाकी म्हणतात. तोंडावर काकी म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

तरी तेलकट कातडीचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. तेल हा काही रोग नाही. आपली कातडी स्वतःसाठी ते करते, उन्हावाऱ्यात फाटू नये म्हणून. कोणाची जास्त करते, कोणाची कमी. आमच्या किनाऱ्यावर त्यात दमट हवा आणि घाम. वर आमची खोबरेलावरची निष्ठा! बाळ जन्मलं, खोबरेल. डोकं दुखलं, खोबरेल. तोंड सुकलं, खोबरेल. केसांना लावा, अंगाला लावा, माझी ना नाही. पण ज्या तोंडाला आधीच आपलं तेल जास्त झालंय, त्याच्यावर खोबरेल चोळलं की भोकं बुजतात, आत मळ अडकतो आणि मुरमं उठतात. मग बायका उलट्या टोकाला जातात. दिवसातून दहादा साबणाने तोंड खरवडतात. कातडी म्हणते, ही मला सुकवून मारते की काय? आग होते, सालं निघतात आणि मुरमं जागच्या जागी राहतात.

म्हणून मी सांगायची ते अगदी थोडं असायचं. सौम्य फेसवॉश, सकाळ-संध्याकाळ. बुजलेल्या भोकांसाठी सॅलिसिलिक अॅसिड, तेही कमी ताकदीचं आणि रोज नव्हे. ते तेलात विरघळतं म्हणून आतपर्यंत पोचतं. तेल आणि डाग दोन्हींसाठी नायसिनामाईड, ते बिचारं गरीब स्वभावाचं आहे, फारसं कोणाला चावत नाही. पिकलेल्या मुरमावर बेन्झॉईल पेरॉक्साईडचा ठिपका, आणि त्या रात्री उशीला जुना अभ्रा घालायचा, कारण ते कपड्याचा रंग खातं. वर पाण्यासारखं जेल आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. संपलं. आणि मग सर्वात महागाची वस्तू, ती माझ्या कपाटात नसते: धीर. दोन-तीन महिने वाट बघायची. इथेच सगळं फिसकटतं. "काकी, शनवारी माका बघूक येतत!" शनिवारी बघायला येणार आणि ही बुधवारी उगवणार.

घाईपायी लोक काय करतात ते ऐका. आमच्याकडे काजूचे कारखाने. काजूच्या टरफलात एक काळं तेल असतं, बोटाला लागलं तर कातडी जळून सोलवटते. कारखान्यातल्या बाया राख किंवा तेल लावून हात वाचवतात. तिथे काम करणाऱ्या एकीने आपल्या मुलीला त्याच तेलाचे ठिपके मुरमांवर दिले. का, तर कोणीतरी त्याने चामखीळ पाडली होती. चामखीळ पडते तर मुरूम काय चीज! पोरगी माझ्याकडे आली तेव्हा दोन्ही गालांवर काळे खड्डे होते. आई शेजारी उभी राहून सारखी सांगत होती, "माजो हेतू वायट नव्हतो गो." अगो, हेतू वाईट नव्हता हे कोण नाही म्हणतंय? तिला डॉक्टरकडे धाडलं. जखमा भरल्या, खड्डे राहिले. त्या मुलीने नंतर माझ्याकडे कधी आरशासमोरची खुर्ची घेतली नाही. भुवया करायला यायची ती बाकावर बसून करून घ्यायची.

पण मला खरं सांगायचं आहे ते दिगूचं.

दिगू म्हणजे दिगंबर, आमच्या बाजूच्या गावचा. दशावतारात स्त्री पार्टी करायचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या गावोगावच्या जत्रांत देवळापुढे रात्रभर पुराणातली नाटकं होतात. लिहिलेलं काही नसतं, कथा ठरलेली आणि बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या जुळवायचं. सगळे पुरुष. राणी पुरुष, दासी पुरुष. जो बायकांची कामं करतो तो स्त्री पार्टी. आणि रंगवणारा वेगळा माणूस नसतो, प्रत्येकजण सोंगाच्या सामानाच्या पेटाऱ्याला आरसा टेकवून आपलं तोंड आपणच रंगवतो.

दिगू राणी करायचा. वनवासाला निघालेली राणी मुलाला मिठी मारून रडायला लागली की बायका पदर तोंडाला लावायच्या. मी स्वतः रडलेय, आणि मी सहसा रडत नाही. उंच, नाजूक हाडांचा, मोठे डोळे. लुगडं नेसून चालायला लागला की शेजारी बसलेली माझी सून म्हणायची, "आई, मला असं चालायला येत नाही." सगळ्या देण्यात एकच वैर होतं, कातडी. मिसरूड फुटल्यापासून तेलकट, मुरमांची. त्यावर सफेदा, म्हणजे तो पांढरा रंग, खोबरेलात कालवून थापायचा. नाचून, बोलून, घामाने भिजायचं. सकाळी पुन्हा खोबरेलानेच तो रंग पुसायचा, उरलेल्या तेलासकट नाटक कंपनीच्या टेम्पोत झोपायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा तेच. कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस लागेपर्यंत हा क्रम. दगडाच्या देवालासुद्धा मुरमं आली असती.

तो माझ्या पार्लरात पहिल्यांदा आला तो आषाढात, कंपनी बंद असते तेव्हा. माझ्या दारावर पाटी आहे, 'फक्त महिलांसाठी'. हा पाटीखाली उभा, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला.

"काकी, आत घेशात काय माका?"

"पाटी वाचूक येता मा तुका?"

"येता. पण मी वर्षातले सात-आठ म्हयने बाईच आसतंय." असं म्हणून हसला.

आत बाक भरून बायका होत्या, त्याही हसल्या. एक म्हणाली, "घे गो त्येका, तो आमच्यापेक्षा बरो नटता." मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि टॉवेल काढायला लावला. माझं हसू तिथल्या तिथे विझलं.

मुरमं मी पुष्कळ पाहिलीत. कोवळी असतात, पिकलेली असतात, एक वर आलेलं तर दुसरं सुकलेलं. ह्याच्या तोंडावरची सगळी एकसारखी, बारीक, लालभडक, जणू एकाच दिवशी पेरलेली. गालांवर लाल दोरे दिसत होते. कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. आणि कानापासून गालापर्यंत बारीक लव, दाढीची नव्हे. मी बोळा फिरवला, हुंगला. काही वास नाही.

"काय लावतंस?"

"काय नाय."

"मेल्या, खोटा बोललंस तर हयसून हाकलून देईन. काय लावतंस?"

मग त्याने सांगितलं. मुंबईला नोकरी करणारा थोरला भाऊ, गणपतीला येताना एक क्रीम घेऊन आला होता. त्याच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं तोंड त्याने चार दिवसांत चकचकीत झालं होतं. दिगूचंही झालं. चार दिवसांत मुरमं गायब, रंग उजळ. मग एकदा जत्रेत तोंडाला खाज सुटली तेव्हा ह्याच्या डोक्यात आलं की क्रीम सफेद्यातच का कालवू नये? खोबरेल, सफेदा आणि ते क्रीम, एकत्र मळून. खाज बंद. रंग भिंतीवरच्या गिलाव्यासारखा गुळगुळीत बसायला लागला. कंपनीतले लोक विचारायला लागले, दिगू, काय लावतंस रे? दोन सीझन तो रोज रात्री पाच-सहा तास ते तोंडावर बाळगून नाचत होता.

मी ट्यूब मागवून घेतली. जे वाटलं होतं तेच. त्यात स्टेरॉईड होतं. आता, स्टेरॉईड म्हणजे विष नव्हे हो. एखाद्या आजारात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे दिवस लावायचं ते औषध आहे. ते करतं काय, तर कातडीची तक्रार बंद करतं. आग बंद, लाली बंद, खाज बंद. पण तक्रार बंद झाली म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे. आत कातडी झिजत जाते. आणि सवय अशी लागते की सोडलं की तोंड पेटतं. मग माणूस घाबरून पुन्हा लावतो. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, भाऊ प्रेमाने आणतो, चार दिवसांत गुण दिसतो. माझं सॅलिसिलिक आणि माझा धीर ह्याच्यापुढे कुठे टिकणार?

त्याला सावंतवाडीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बरोबर त्याची बायको शरयू गेली, तीही काजूच्या कारखान्यातच. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. हे क्रीम हळूहळू कमी करून सोडायचं, सोडताना तोंड फार बिघडेल, तरी परत हात लावायचा नाही. रंग नको, तेल नको. नीट व्हायला कितीतरी महिने लागतील.

"कार्तिकात पयली जत्रा आसा," दिगू म्हणाला.

हीच सगळी अडचण. कार्तिकात तोंड तयार नसलं तर राणी दुसऱ्याची. कंपनीचा मालक वाईट माणूस नाही, हे मुद्दाम लिहिते. त्याने दिगूला सरळ सांगितलं होतं, "माजा तुज्यार वाकडा नाय रे. पण राणी लोकांका बघूची आसता." एकदा राणी हातची गेली की परत मिळत नाही. प्रेक्षक दुसऱ्याला राणी म्हणायला लागतात. दिगूला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, घरी थोडी शेती होती. पण शरयू मला म्हणाली, "काकी, ह्येंका राणी करूक मिळाली नाय तर हे घरात आसून नसल्यासारके जातले."

पुढचे महिने मी माझ्या वैऱ्यालाही दाखवू इच्छित नाही. क्रीम सुटायला लागलं तसं तोंड सुजलं, पिकलं, त्यातून पाणी वाहायला लागलं. चुलीजवळ बसवेना, उन्हात जाववेना. पंख्याखाली तोंड धरून दिवस दिवस बसायचा. धाकटी मुलगी जवळ जाईना, घाबरायची. शरयू कारखान्यातून सुटली की त्याला स्कूटरवर मागे बसवून माझ्याकडे आणायची. माझं काम काय होतं? काही न लावणं. हे लोकांना पटत नाही. पार्लर म्हणजे काहीतरी थापायचं, असंच सर्वांना वाटतं. मी सॅलिसिलिक कपाटात बंद केलं, नायसिनामाईडसुद्धा नाही. गार पाण्याच्या पट्ट्या, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी. बस्स. आधी काढायचं, मग घालायचं, हा माझ्या धंद्यातला एकुलता एक वेद आहे.

तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि मी पट्ट्या बदलायची. एकदा पट्टीखालून म्हणाला, "काकी, राणी वनवासाक जाता तेवा तिच्या तोंडार असाच जाला आसतला, नाय? रानात सफेदो खंयचो?" आणि हसला. ओठ फाटून रक्त आलं.

श्रावण सरता सरता तोंड शांत व्हायला लागलं. सूज उतरली. तेव्हा मी दुसऱ्या कामाला लागले, आणि ह्या कामाचा मला अजून अभिमान आहे, हसायचं तर हसा. तेलाशिवाय सफेदा कालवायचा! डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सीझन पुढच्या वर्षी कर असंच होतं. पण त्यांनी हेही सांगितलं होतं की कधीतरी रंग लावशील, तेव्हा निदान त्यात खोबरेल नको. मग मी आणि सून बसलो. नुसत्या पाण्यात कालवला तर सुकून भेगा पडल्या, उन्हाळ्यातल्या मळ्यासारख्या. ग्लिसरीन जास्त झालं तर घामात वाहून गेला. कोरफडीचा गर घातला तर गुठळ्या. आधी माझ्या हातावर, मग सुनेच्या, मग दिगूच्या दंडावर. शेवटी तयार कोरफड जेल, थोडं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी असं जमलं. दंडावर लावून त्याला अंगणात नाचवला. घामाने भिजला तरी रंग हलला नाही, आणि साध्या फेसवॉशने निघाला. दिगू त्या पांढऱ्या दंडाकडे बघतच बसला. "काकी, ह्या आदी कित्याक सुचला नाय कोणाक?" मी म्हटलं, "कारण तुमका सगळ्यांका खोबरेल देवापेक्षा मोठा." आम्ही दोघंही त्या दिवशी खूष होतो. पुढच्या वर्षीचा सीझन तरी हाती लागेल असं वाटायला लागलं होतं.

मग चतुर्थी आली. आमच्याकडे चतुर्थी म्हणजे सगळी मुंबई घरी. दिगूचा भाऊ आला. त्याने दिगूचं तोंड बघितलं. आणि ह्या भल्या माणसाने काय करावं? बॅगेतून त्याच क्रीमच्या ट्यूबा काढल्या, पदरचे पैसे घालून मोठ्या हौसेने आणलेल्या. शरयूने सांगितलं, भावजी, डॉक्टरांनी हे बंद केलंय. तो म्हणाला, "डॉक्टरांका आपलो धंदो करूचो आसता." घरोघर हेच एक वाक्य! त्याच दिवसांत मालक गणपतीच्या दर्शनाला येऊन गेला. दिगूकडे बघून म्हणाला, "बरा होतला, बरा होतला. घाई नाय." बोलणं गोड होतं. पण दोनच दिवसांनी कळलं की राणीची चोळी दुसऱ्या एकाच्या मापाने दुरुस्त करायला टाकलीय.

हे मला शरयूने नंतर सांगितलं. तेव्हा मला कोणी कळवलं नाही.

कार्तिकातल्या पहिल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिगू पार्लरात आला. टॉवेल नाही. तोंड असं की बाकावरच्या बायका पुढे वाकून बघायला लागल्या. गुळगुळीत, गोरं, उजळ. "काकी, बगा! तोंड बगून मालकान राणी माकाच दिल्यान. लोकांनी पैसे फेकले नायत, फुलां फेकल्यानी. एक म्हातारी येऊन पायार पडली." बोलताना डोळ्यांत पाणी होतं. मी बोळा घेतला, गालावरून फिरवला आणि हुंगला. काही वास नव्हता.

"लावलंस?"

तो आरशाकडे वळला.

"दिगू, लावलंस?"

"ह्योच एक सीझन, काकी. एकच. मगे सोडतंय. आवशीची शपथ."

मी एरवी आकाशपाताळ एक करणारी बाई. त्या दिवशी ओरडले नाही. इतका आनंदात होता हो. इतक्या महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसताना रक्त आलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "निदान सफेद्यात कालवू नको. माजो सफेदो वापर." तो हो म्हणाला. नंतर कळलं, माझ्या सफेद्यातही कालवत होता.

माघ लागेपर्यंत ते चाललं. स्त्री पार्टीला रोज दाढी गुळगुळीत करावी लागते, आणि स्टेरॉईडने गालावर लव वाढली होती, म्हणून तो गालांवरूनही वस्तरा फिरवायचा. कातडी आता कागदासारखी. एका सकाळी वस्तऱ्याबरोबर ती सोलून आली. त्या जखमेवर त्याच रात्री रंग, कारण जत्रा मोठ्या गावची. जखम चिघळली, तोंड फुगलं, एक डोळा बंद झाला, ताप भरला. कुडाळच्या दवाखान्यात घातलं, तिथून पुढे गोव्याला नेलं. डोळा वाचला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. शरयूने ते 'वेळेवर' ऐकलं आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून मोठ्याने रडली. हे ती स्वतःच मला सांगत होती, भाजी चिरता चिरता, कोरड्या आवाजात.

भाऊ मुंबईहून धावत आला. दवाखान्यात दिगूच्या पायथ्याशी बसून राहिला, जेवेना. त्याला बोल लावून काय उपयोग होता?

तोंड भरलं, पण ते त्याचं तोंड नव्हे. एका गालावर ओढ बसलीय, त्यामुळे ओठ किंचित वर उचललेला. लाल दोऱ्यांचं जाळं कायमचं. डॉक्टरांनी सांगितलं की आता जन्मभर रंग नाही, कुठलाच नाही, कोणाचाही नाही. म्हणजे माझाही नाही. ती माझी कोरफडीची बरणी सुनेने मागच्या कपाटात ठेवलीय. मी टाकून दे म्हणत नाही आणि तीही टाकत नाही.

मालकाने दिगूला सोडला नाही. पुढच्या सीझनला त्याला गणपती दिला. नाटकाच्या सुरुवातीला गणपती येतो, लाकडी मुखवटा घालून. मुखवटा चढला की लोक त्याला देवच मानतात. थोडा नाचतो, पूजा घेतो, हात वर करून आशीर्वाद देतो आणि जातो. बोलायचं जवळजवळ नसतंच. तोंडाला रंग लागत नाही, कारण तोंड दिसतच नाही. जो माणूस रात्रभर बोलून गाव रडवायचा, त्याला आता मुखवट्यात हात वर करून उभं राहायचं होतं. मला कळलं तेव्हा मालकाचा राग आला, आणि मग वाटलं, ह्याहून जास्त तो बापडा तरी काय देणार?

गेल्या जत्रेच्या आदल्या दिवशी दिगूचा फोन आला. "काकी, लाकूड गालाक घासता. रगत येता. आत काय लावू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या गावच्या देवळात गेले. कंपनीची माणसं सभामंडपात पथारी पसरून झोपली होती. दिगू खांबाला टेकून बसला होता, शरयू डबा घेऊन आली होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारून मुठेल नेलं होतं. मुठेल म्हणजे रातांब्याच्या, कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमच्याकडे लावतात. ते बोटावर पातळ करून मी त्याच्या गालाला लावलं. कातडी सगळं पिऊन गेली. पुन्हा लावलं, पुन्हा पिऊन गेली. ज्या तोंडावरचं तेल कमी करायला तो माझ्या दारात आला होता, त्या तोंडावर तेलाचा थेंब उरला नव्हता. मी भेगाळलेल्या टाचेचं औषध राणीच्या गालाला चोळत होते.

मुखवट्याच्या आत आम्ही मऊ फडक्याच्या घड्या बसवल्या. कुठे लागतं बघायला त्याने तो पेटाऱ्यापुढे हात जोडून उचलला आणि तोंडावर चढवला. तेवढ्यात देवीची ओटी भरायला आलेल्या पाच-सहा बायका मंडपात शिरल्या. समोर गणपती बसलेला बघून त्या थांबल्या, ताटं खाली ठेवली आणि हात जोडले. एकीने पुढे होऊन त्याच्या पावलांवर डोकं टेकवलं. दिगूने सवयीने उजवा हात वर केला.

शरयू त्याच्या गुडघ्याशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अवो, काढा ता. माका तुमचा तोंड बघूचा आसा."

तो हलला नाही. बायका अजून हात जोडून उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मुखवटा कसा उतरवणार? शरयू तशीच त्याच्याकडे मान वर करून बसून राहिली, आणि त्या बायका काही लवकर जाईनात.